थोड्या पिना, पुष्कळ कामें

विज्ञान-प्रदर्शनाचे दिवस जवळ आले म्हणजे विद्यार्थ्यांच्या हातीं मायक्रोकंट्रोलरचा लहानसा बोर्ड दिसूं लागतो. दिवे लावणारीं, टाकींतील पाणी मोजणारीं, घंटा वाजविणारीं अशीं नाना प्रकारचीं यंत्रें मुलें मोठ्या हौसेनें जुळवितात. आणि काम निम्म्याहून अधिक झालें असतां बहुतेकांपुढें एकच अडचण उभी राहते. ती अशी कीं, दिवे अजून लावावयाचे आहेत, बटनें अजून जोडावयाचीं आहेत, पण बोर्डावरील पिना मात्र संपून गेल्या! मग कोणी आपली मूळ कल्पनाच छाटून लहान करतो, तर कोणी घरीं जाऊन याहून मोठा व महाग बोर्ड घेऊन द्या म्हणून वडिलांच्या मागें लागतो. या दोन वाटांखेरीज एक तिसरी वाट आहे. ती अल्प खर्चाची असून तिच्यांत शिकण्यासारखेंहि पुष्कळ आहे. तीच या लेखांत समजावून सांगण्याचा आमचा हेतु आहे. पालकांनींहि हा लेख वाचावा अशी आमची विनंती आहे; कारण मुलाची मागणी रास्त आहे कीं नाहीं, हें ठरविण्याचा प्रसंग शेवटीं त्यांच्यावरच येतो.

अडचण कोठें आहे?

मायक्रोकंट्रोलर म्हणजे एकाच चिपवर वसविलेला लहानसा संगणक. गणित करणारा भाग, स्मरण ठेवणारा भाग आणि बाहेरच्या जगाशीं देवघेव करणारा भाग, असे तिन्ही भाग त्यांत एकत्र नांदतात. टेक्सस इन्स्ट्रुमेंट्स या अमेरिकन कंपनीनें १९७४ सालीं टी. एम. एस. १००० हा मायक्रोकंट्रोलर विक्रीस आणला. इंटेल कंपनीचा ८०४८ हा १९७६ सालीं व पुढें प्रसिद्धीस आलेला ८०५१ हा १९८० सालीं निघाला. चिपच्या ज्या धातूच्या पायांनीं ही देवघेव चालते त्यांस पिना म्हणतात. साधी पिन एका वेळीं एकच गोष्ट सांगूं किंवा ऐकूं शकते: विजेचा दाब आहे, अथवा नाहीं. पहिल्या स्थितीस १ व दुसरीस ० म्हणण्याचा प्रघात आहे.

चिपच्या पोटांतील भाग वर्षानुवर्षें सूक्ष्म होत गेले. परंतु पाय त्या मानानें सूक्ष्म करितां येत नाहींत. त्यांना डाग द्यावयाचा असतो, आणि दोन डागांमध्यें कांहीं अंतर राखावेंच लागतें. पाय वाढले कीं चिपचें कवच वाढतें, बोर्ड वाढतो आणि किंमतहि वाढते. म्हणून बुद्धि पुष्कळ पण हात थोडे, अशी या चिपांची नेहमींची स्थिति असते.

एक प्रत्यक्ष उदाहरण घेऊं. शाळांतून सर्रास वापरला जाणारा आर्डुइनो उनो हा बोर्ड २०१० सालीं निघाला. त्याच्यावरील ए. टी. मेगा ३२८ पी या चिपच्या लांबट रूपास २८ पाय असतात. त्यांतील कांहीं वीज घेण्यांत व कांहीं चिपच्या स्वतःच्या कामांत खर्च होऊन वापरणाऱ्याच्या हातीं २० उरतात: १४ अंकीय व ६ कमीअधिक दाब मोजणाऱ्या, या सहांचाहि अंकीय पिनांसारखा उपयोग करितां येतो. यांपैकीं ० व १ या क्रमांकांच्या पिना संगणकाशीं बोलण्यास लागतात, म्हणून त्या मोकळ्या ठेवणें बरें. राहिल्या १८.

आतां कबड्डीच्या सामन्यासाठीं टेबलावर ठेवण्याजोगा गुणफलक करावयाचा आहे असें समजा. दोन संघ, प्रत्येकाचे दोन अंक, म्हणजे एकूण चार अंक. प्रत्येक अंक सात उजळणाऱ्या पट्ट्यांचा बनलेला असतो. यालाच सेव्हन सेगमेंट डिस्प्ले म्हणतात. चार अंकांच्या पट्ट्या २८ झाल्या. शिवाय प्रत्येक संघाचा गुण वाढविण्यास एक, चुकून वाढविलेला कमी करण्यास एक, फलक कोरा करण्यास एक व नवा डाव सुरू करण्यास एक, अशीं ६ बटनें पाहिजेत. एकूण गरज ३४ ची आणि पिना १८! सोळांची तूट आली.

तुटीवरील उपाय

या तुटीकडे किंचित् निराळ्या दृष्टीनें पाहूं. कबड्डींत गुण बदलतो तो कांहीं सेकंदांनीं एकदां. मध्यंतरीं फलकावरील दिव्यांस नवी आज्ञा द्यावी लागत नाहीं; जी दिली ती त्यांनीं ध्यानांत ठेवावी एवढेंच पुरें. इकडे उनोवरील चिपच्या घड्याळाचे ठोके एका सेकंदांत १ कोटी ६० लक्ष पडतात. याचा अर्थ असा कीं, या चिपजवळ पिनांचें दारिद्र्य असलें तरी वेळेची श्रीमंती आहे. तेव्हां वेळ खर्चावा आणि त्याच्या मोबदल्यांत तारा वांचवाव्या. चौतीस कामें एकाच क्षणीं न सांगतां ओळीनें एकामागून एक सांगावीं. पिना वाढविण्याच्या बहुतेक युक्त्यांचें मूळ या एका विचारांत आहे.

ही कल्पना नवी नव्हे. इंटेलनें ८०४८ च्या जोडीला ८२४३ नांवाची एक मदतनीस चिप काढली होती. तिला पांच तारांनीं जोडलें कीं १६ नव्या वाटा मिळत. ८०८५ या मायक्रोप्रोसेसरसोबत वापरली जाणारी ८२५५ ही चिप २४ वाटा देई. आमच्या महाराष्ट्रांतील ज्या पालकांनीं पॉलिटेक्निकांत किंवा अभियांत्रिकी महाविद्यालयांत शिक्षण घेतलें, त्यांच्यापैकीं अनेकांस प्रयोगशाळेंतील ८२५५ आठवत असेल. तिला जोडण्यास मात्र आठ डेटाच्या तारा आणि शिवाय नियंत्रणाच्या तारा लागत. आतां आपण जी आयसी पाहणार आहों ती तीन तारांवर भागविते.

आठ मुलांची रांग

वर्गांत आठ मुलें एका रांगेंत बसलीं आहेत अशी कल्पना करा. शिक्षक रांगेच्या एका टोकाला उभे आहेत व तेथून हलत नाहींत. त्यांच्या हातांत कांहीं चिठ्ठ्या असून प्रत्येकीवर १ किंवा ० लिहिलेला आहे. ते पहिल्या मुलापुढें चिठ्ठी धरतात व टाळी वाजवितात. टाळी ऐकतांच प्रत्येक मुलानें आपल्या हातांतील चिठ्ठी पुढच्यास द्यावयाची व मागच्याकडून नवी घ्यावयाची. आठ टाळ्या झाल्या कीं आठहि मुलांजवळ शिक्षकांनीं पाठविलेल्या चिठ्ठ्या पोंचल्या. चिठ्ठ्या पुढें सरकत असतां कोणीहि हात वर करावयाचा नाहीं, अशी सक्त आज्ञा आहे. सर्व चिठ्ठ्या जागच्या जागीं पोंचल्यावर शिक्षक घंटा वाजवितात. मग ज्याच्या चिठ्ठीवर १ आहे त्यानें हात वर करावयाचा, ज्याच्यावर ० आहे त्यानें खालीं ठेवावयाचा, आणि पुढील घंटेपर्यंत तसाच राहूं द्यावयाचा.

७४ एच. सी. ५९५ या आयसीचें काम हुबेहूब असेंच चालतें. अशा आयसीस शिफ्ट रजिस्टर म्हणतात. चिठ्ठी म्हणजे डेटाची पिन, टाळी म्हणजे क्लॉकची पिन व घंटा म्हणजे लॅचची पिन. तीन पिना दिल्या आणि आठ मिळाल्या. यांत घंटेचें महत्त्व विसरूं नये. ती नसती तर चिठ्ठ्या सरकत असतांना मधल्यामधें हात वरखालीं झाले असते. म्हणजे फलकावर खरा अंक उमटण्यापूर्वीं भलत्याच पट्ट्या लुकलुकल्या असत्या.

लाभ येथेंच संपत नाहीं. आठव्या मुलाच्या पुढें दुसरी आठ जणांची रांग बसविली, तर आठव्याच्या हातून निघालेली चिठ्ठी दुसऱ्या रांगेंतील पहिल्याकडे जाईल. शिक्षकांना टाळ्या सोळा वाजवाव्या लागतील, पण त्यांना जागचें हलावें लागणार नाहीं. अशा चार आयसी एकापुढें एक लाविल्या तर तीनच पिनांवर ३२ वाटा झाल्या, आणि आपल्याला तर २८ च पाहिजेत. उनोमधील शिफ्टआउट या तयार आज्ञेनें ३२ बिट पाठविण्यास सुमारें अर्धा मिलिसेकंद लागतो. डोळ्यास त्याचा पत्ताहि लागत नाहीं.

जोडणी

आयसीची खांच वरच्या बाजूस धरली असतां डाव्या बाजूची सर्वांत वरची पिन १ क्रमांकाची होय. तेथून खालीं ८ पर्यंत मोजावें, मग उजव्या बाजूस खालून वर ९ ते १६. ५९५ ची जोडणी अशी करावी:

१६ ला ५ व्होल्ट व ८ ला ग्राउंड.
१४ डेटा, ११ क्लॉक व १२ लॅच. या उनोच्या कोणत्याहि तीन अंकीय पिनांस जोडाव्या.
१० ही ५ व्होल्टला व १३ ही ग्राउंडला जोडावी.
१५ आणि मग १ ते ७, या क्रमानें आठ वाटा बाहेर निघतात.
९ वरून पुढच्या आयसीच्या १४ ला तार न्यावी. सर्व आयसींच्या ११ एकत्र व १२ एकत्र जोडाव्या.

प्रत्येक आयसीच्या १६ व ८ या पिनांमध्यें, अगदीं जवळ, ०.१ मायक्रोफॅरडचा एक कपॅसिटर लावावा. क्लॉकची तार आंखूड ठेवावी. लांब तारेवर बाहेरचा गोंगाट शिरला म्हणजे आयसीला खोटी टाळी ऐकूं येते आणि सर्व चिठ्ठ्या एक जागा पुढें सरकतात.

अंक कसा लिहावा?

ज्यांत सर्व पट्ट्यांचें एक टोक ग्राउंडला असतें तो, म्हणजे कॉमन कॅथोड जातीचा डिस्प्ले घ्यावा. वरची आडवी पट्टी ती पहिली. तेथून घड्याळाच्या कांट्याच्या दिशेनें बाहेरच्या कडेनें फिरत सहा पट्ट्या मोजाव्या. मधली आडवी ती सातवी. पहिली पट्टी आयसीच्या १५ ला, दुसरी १ ला, तिसरी २ ला, याप्रमाणें क्रमानें जोडाव्या. प्रत्येक पट्टीस एक किंमत द्यावी: १, २, ४, ८, १६, ३२, ६४. जो अंक दाखवावयाचा त्याच्या उजळणाऱ्या पट्ट्यांच्या किंमतींची बेरीज, हाच पाठवावयाचा बाइट. आणि त्यांतील सर्वांत मोठ्या किंमतीचा बिट प्रथम पाठवावा.

उदाहरणार्थ, ३ काढण्यास पहिली, दुसरी, तिसरी, चौथी व सातवी या पट्ट्या लागतात: १ + २ + ४ + ८ + ६४ = ७९. १ या अंकास दुसरी व तिसरी: २ + ४ = ६. ७ ला पहिल्या तीन, म्हणून बेरीज ७ च! २ ला ९१. ८ ला साती पट्ट्या: १२७. शून्यांत मधली तेवढी नसते, म्हणून १२७ − ६४ = ६३.

आतां एक मेख. समजा, फलकावर डावीकडून २७ व ३१ दाखवावयाचे आहेत आणि डेटाची तार डावीकडील पहिल्या आयसीला जोडली आहे. प्रथम पाठविलेला बाइट पुढचे बाइट येतील तसा ढकलला जाऊन सर्वांत उजवीकडे जाऊन बसतो. म्हणून उजवा अंक प्रथम पाठवावा. लॅच ० वर आणावी. मग क्रमानें ६, ७९, ७ व ९१ हे चार बाइट पाठवावे. नंतर लॅच १ वर न्यावी. त्या क्षणीं २७ व ३१ एकदम उमटतील. आगगाडींत आधीं चढलेल्यांनीं डब्याच्या आंतल्या टोकास जावें, तसाच हा प्रकार आहे.

शक्तीचा हिशेब

येथवरचा भाग कल्पकतेचा झाला. पुढचा सावधपणाचा आहे. वाटा वाढल्या म्हणजे शक्ति वाढली असें मुळींच नव्हे. ७४ एच. सी. ५९५ च्या सर्व वाटांतून मिळून वाहणारा प्रवाह ७० मिलिअँपिअरच्या पलीकडे जातां कामा नये. तांबड्या पट्टीवर सुमारें २ व्होल्ट पडतात. ५ मधून २ गेले, उरलेले ३ व्होल्ट रेझिस्टरवर. पुष्कळ मुलें संवयीनें २२० ओहमचा रेझिस्टर लावितात. तेव्हां प्रत्येक पट्टींतून ३ ÷ २२० म्हणजे सुमारें १३.६ मिलिअँपिअर वाहतील, आणि ८ हा अंक उमटतांच सात पट्ट्यांचे मिळून ९५ होतील. आयसीची मर्यादा ओलांडली गेली! १ दाखवितांना फक्त २७ होतात, म्हणून दोष लवकर ध्यानांत येत नाहीं. कांहीं अंकांस फलक बरा चालतो, आणि ऐन प्रदर्शनांत आयसी तापते. त्याऐवजीं ४७० ओहम लाविले तर प्रत्येकीस ६.४ व सात पट्ट्यांस सुमारें ४५ मिलिअँपिअर. प्रकाश किंचित् मंद, पण आयसी सुरक्षित. रेझिस्टर प्रत्येक पट्टीस स्वतंत्र असावा. सातांमिळून एकच लाविला तर १ प्रखर व ८ मंद दिसेल.

चारी अंक ८ असतां एकूण प्रवाह सुमारें १८० मिलिअँपिअर होतो. संगणकाच्या साध्या यू. एस. बी. जोडणींतून ५०० पर्यंत मिळतात, म्हणजे तेवढा सहज निभावतो. हा प्रवाह ५ व्होल्टच्या तारेंतून थेट ५९५ मध्यें जातो, मायक्रोकंट्रोलरच्या पोटांतून जात नाहीं, हें ध्यानांत घ्यावें. ए. टी. मेगा ३२८ पी ची एकंदर मर्यादा २०० मिलिअँपिअर आहे. तेव्हां या युक्तीनें त्याच्या पिना वांचतात आणि त्याचा भारहि हलका होतो.

मोटार किंवा रिले यांना याहून पुष्कळ अधिक प्रवाह लागतो. तेथें ५९५ च्या पुढें यू. एल. एन. २८०३ सारखी जोर पुरविणारी आयसी बसवावी. शिवाय वीज सुरू होतांच ५९५ च्या वाटांवर कोणती स्थिति असेल याचा नेम नसतो. दिव्यांच्या बाबतींत क्षणभर भलताच अंक दिसेल इतकेंच. पण मोटार असेल तर ती आपोआप फिरूं लागेल. यासाठीं १३ क्रमांकाची पिन ग्राउंडला न जोडतां १० किलोओहमच्या रेझिस्टरनें ५ व्होल्टला ओढून ठेवावी, आणि पहिली आज्ञा पोंचल्यावर मायक्रोकंट्रोलरच्या एका पिनेनें ती ० वर आणावी. तोंवर सर्व वाटा बंद राहतात. २३० व्होल्टच्या घरगुती विजेला मात्र विद्यार्थ्यांनीं मोठ्या माणसांच्या देखरेखीवांचून कदापि हात लावूं नये.

बटनें वाचणें

दिवे बोलण्याचें काम करतात. बटनें ऐकावीं लागतात. त्यासाठीं उलट दिशेनें चालणारी ७४ एच. सी. १६५ ही आयसी आहे. येथें आठ मुलांनीं एका इशाऱ्यासरशीं आपापल्या खिडकींतून बाहेर पाहावयाचें, जें दिसलें तें चिठ्ठीवर लिहावयाचें, आणि मग त्या चिठ्ठ्या टाळीगणिक शिक्षकांच्या हातीं एकेक येऊन पडावयाच्या. इशाऱ्याची पिन १, क्लॉकची २ व चिठ्ठी बाहेर येण्याची ९. पिन १५ ग्राउंडला जोडावी. १६ व ८ पूर्ववत् विजेसाठीं. पहिली चिठ्ठी इशारा होतांच हातीं आलेली असते. म्हणून आधीं वाचावें व मग टाळी वाजवावी. हा क्रम उलटला कीं पहिलें बटन हरवतें.

प्रत्येक बटनाचें एक टोक ग्राउंडला व दुसरें आयसीच्या वाटेला जोडावें, आणि ती वाट १० किलोओहमनें ५ व्होल्टला ओढून ठेवावी. दाबलें कीं ०, सोडलें कीं १. न वापरलेल्या दोन वाटा अधांतरीं न सोडतां ५ व्होल्टला बांधाव्या. बटनांतील धातूच्या पट्ट्या एकमेकींवर आपटून कांहीं मिलिसेकंद उसळत असतात, त्यामुळें एकदां दाबलेलें बटन तीनदां दाबल्यासारखें भासतें. यास्तव दर २० मिलिसेकंदांनीं वाचावें व लागोपाठ दोनदां तेंच उत्तर आलें तरच खरें मानावें. नाहीं तर एका चढाईचे तीन गुण पडतील आणि हरलेला संघ पंचांऐवजीं फलकाशींच भांडूं लागेल!

५९५ व १६५ यांना क्लॉकची तार एकच चालते. बटनें वाचतांना त्याच टाळ्या ५९५ सहि ऐकूं जातील व तिच्या पोटांत निरर्थक चिठ्ठ्या सरकतील; पण घंटा वाजलेली नसल्यामुळें फलकावर कांहीं एक बदल होत नाहीं. आतां एकूण खर्च मोजा: ५९५ ची डेटा, तिची लॅच, सामाईक क्लॉक, १६५ चा इशारा आणि तिची परत येणारी तार. चौतीस कामें पांच पिनांत! अठरांतील तेरा पिना अद्याप मोकळ्याच आहेत.

दोन तारांची पद्धत

याहूनहि कमी तारांत भागविणारी एक पद्धत फिलिप्स या डच कंपनीनें १९८२ सालीं काढली. तिचें नांव आय-टू-सी. तीत एक तार डेटाची व एक क्लॉकची. सर्व आयसी याच दोन तारांवर टांगलेल्या असतात आणि प्रत्येकीस स्वतःचा क्रमांक असतो. वर्गांत हजेरी घेतांना शिक्षक ज्याचा क्रमांक पुकारतात तोच ओ देतो, बाकीचे गप्प राहतात, तशी ही व्यवस्था आहे. एम. सी. पी. २३०१७ या आयसींत १६ वाटा असून त्यांतील बहुतेक वाटा हव्या तशा, बोलणाऱ्या किंवा ऐकणाऱ्या, ठरवितां येतात. तिच्या तीन पिना ग्राउंडला किंवा ५ व्होल्टला बांधून ३२ ते ३९ यांपैकीं एक क्रमांक तिला देतां येतो. म्हणजे दोन तारांवर अशा ८ आयसी व १२८ वाटा झाल्या. दोन्ही तारांना सामान्यतः ४.७ किलोओहमच्या रेझिस्टरनें ५ व्होल्टला ओढून ठेवावें लागतें. उनोवर ए ४ व ए ५ या पिना या कामीं खर्च होतात.

पी. सी. एफ. ८५७४ ही आठ वाटांची तिची धाकटी बहीण म्हणावी. तिच्याविषयीं एक सूचना आहे: ती प्रवाह ओढून घेण्यांत बळकट, पण देण्यांत फार दुबळी आहे. म्हणून तिच्यावरील दिव्याचें दुसरें टोक रेझिस्टरमार्फत ५ व्होल्टला जोडावें; मग ० पाठविला असतां तो उजळतो.

मोठा बोर्ड केव्हां घ्यावा?

इतकें वाचल्यावर कोणी म्हणेल कीं, मग मोठे बोर्ड निघालेच कशाला? त्यांचेंहि प्रयोजन आहे. आर्डुइनो मेगा २५६० या बोर्डावर ५४ अंकीय व १६ दाब मोजणाऱ्या पिना आहेत. पण त्याचा खरा मोठेपणा दुसरीकडे आहे. उनोचें चालू स्मरण २ किलोबाइट, मेगाचें ८. कार्यक्रम साठविण्यास उनोंत ३२ किलोबाइट जागा, मेगांत २५६. इतर यंत्रांशीं बोलण्याचीं सीरियल दारें उनोंत १, मेगांत ४. शिफ्ट रजिस्टर लावून हात वाढतात, स्मरण वाढत नाहीं. तसेंच ज्या ठिकाणीं मोटारीचा वेग किंवा दिव्याचें तेज अत्यंत झपाट्यानें कमीअधिक करावयाचें असतें, अथवा मायक्रोसेकंदांचा हिशेब ठेवावयाचा असतो, तेथें रांगेंतून चिठ्ठ्या पाठवीत बसणें परवडत नाहीं. ती कामें मायक्रोकंट्रोलरच्या स्वतःच्या पिनांवरच ठेवावीं.

तेव्हां पालकांनीं मुलाला तीन प्रश्न विचारावे. संपलें काय, पिना कीं स्मरण? राहिलेलीं कामें हळू चालणारीं आहेत कीं अत्यंत वेगाचीं? आणि कोणत्या पिनेवर काय जोडलें आहे याची यादी कागदावर केली आहे काय? पिनाच संपल्या असतील व कामें दिव्या-बटनांसारखीं संथ असतील, तर मोठ्या बोर्डाची गरज नाहीं. मुंबईस लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यास बुधवार पेठेंतील तपकीर गल्लींत ५९५ व १६५ सहज मिळतात आणि त्यांची किंमत नव्या बोर्डाच्या मानानें अगदींच थोडी असते. स्मरण संपलें असेल किंवा वेगवान कामें पुष्कळ असतील, तर मुलाची मागणी रास्त समजावी. यादीच केलेली नसेल, तर दोन्ही खर्च थांबवून आधीं यादी करावयास सांगावी. पुष्कळ वेळां तिच्यांतच एखाददुसरी वायां गेलेली पिन सांपडते.

विद्यार्थ्यांनो, कबड्डीचा हा फलक चार ५९५ व एका १६५ वर तुम्ही स्वतः जुळवून पाहा. एकदम पांचहि आयसी मांडूं नका. प्रथम एकच ५९५ व आठ सुटे दिवे घ्या. लॅचची तार मुद्दाम काढून काय होतें तें पाहा, आणि मगच दुसरी आयसी पुढें लावा. उजळणी म्हणून ४, ५, ६ व ९ या अंकांचे बाइट पाटीवर काढा. ६ मध्यें एकच पट्टी विझलेली असते आणि ९ मध्येंहि एकच. तेव्हां १२७ मधून वजाबाकी केली तर उत्तर दोन क्षणांत सांपडेल. अठरा पिनांत चौतीस कामें मावत नाहींत, हें गणित खरेंच होतें. आपण त्या गणितांत वेळ ही आणखी एक रक्कम मांडली आणि हिशेब जुळला. पुढें जेव्हां साधनें अपुरीं पडतील, तेव्हां आपल्याजवळ दुसरें काय मुबलक आहे हें आधीं शोधावें. नवी खरेदी त्यानंतर.